आंगठ्याचं दुकान

संक्रांत झाली, गावातल्या निम्म्या घरांतला कापूस गाड्या भरभरून जिनिंगला गेला, तरी सुकदेव आबांच्या पुढच्या खोलीतला ढीग जागचा हलला नव्हता. आबांचा नेमच होता तसा. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी कापूस विकायचा नाही. दिवाळीत विकतो तो घायकुतीला आलेला, आखाजीपर्यंत थांबतो तो खरा शेतकरी, असं ते पारावर बसून सांगायचे आणि ऐकणारे माना डोलवायचे. भाव चढो की पडो, नेम मोडत नसे. पडला तर त्या साली आबा पारावर कमी बसायचे, एवढंच.

त्यामुळे कार्तिकापासून वैशाखापर्यंत ते घर कापसाचं असायचं आणि माणसं त्यात पाहुणी. पुढची खोली आढ्यापर्यंत भरलेली. झोपायचं मागच्या खोलीत, जेवायचं चुलीपाशी आणि आल्यागेल्याने ओट्यावर टेकायचं. दाराजवळचा एक कोपरा तेवढा मोकळा होता. तिथे एक टेबल, एक प्लास्टिकची खुर्ची, एक लाकडी बाक आणि आबांची सून दिपमाला.

दिपमाला बारावी शिकलेली होती आणि लग्नाआधी अमळनेरला जाऊन कॉम्प्युटरही शिकून आली होती. बँकेच्या कंपनीला नांदवण गावासाठी माणूस हवा होता तेव्हा तिच्या नवऱ्याने, वनाने, बापाला न विचारता तिचं नाव दिलं. वनाने बापाला न विचारता केलेलं हे बहुधा आयुष्यातलं एकच काम. कंपनीने मशीन दिलं. त्यावर बोट टेकवलं की निराधारांचे, विधवांचे, शेतकऱ्यांच्या हप्त्याचे पैसे गावातच हातात पडायचे. आधी त्यासाठी म्हाताऱ्यांना एसटीने अमळनेरला जावं लागायचं. बँकेच्या पायरीवर दिवस मोडायचा आणि संध्याकाळी साहेब सांगायचे की उद्या या. आता तो ताप गेला. गावाने त्या कोपऱ्याला नाव देऊन टाकलं, आंगठ्याचं दुकान.

दिपमालाचं कसब मशीनमध्ये नव्हतं, बोटांत होतं. जन्मभर विळा धरून आणि कापूस वेचून ज्यांच्या बोटांवरच्या रेघा झिजून गेल्या त्यांना मशीन ओळखत नसे. मग ती एकेकाचा हात हातात घ्यायची, ओल्या फडक्याने बोट पुसायची, आंगठा नाही तर तर्जनी, ती नाही तर मधलं, असं करत कोणतं तरी एक बोट मशीनला पटवून द्यायची. कुणाचं कोणतं बोट चालतं हे तिला तोंडपाठ झालं होतं. कुणी इतक्या मायेने आपला हात धरल्याला कित्येक वर्षं झालेल्या म्हाताऱ्या पैसे मिळाल्यावरही लवकर उठत नसत.

एक माणूस मात्र त्या बाकावर कधी बसला नाही. आबा आपले हप्त्याचे पैसे काढायला अजूनही एसटीने अमळनेरला जात. सुनेपुढे हात पसरायचा का, असं ते वनाला म्हणाले होते. दिपमालाने ते दाराआडून ऐकलं होतं आणि गिळलं होतं.

त्या हिवाळ्यात उत्तरेचा वारा असा कोरडा सुटला की ओठ फुटले, टाचा फुटल्या, अंगणातली काळी माती फुटली. गोधडी ओढली तरी तडतड आवाज यायचा. दिपमाला कापसाच्या ढिगाला घासून आपल्या खुर्चीकडे जायची, नायलॉनची साडी कापसाला चिकटायची, आणि मशीनला हात लावला की बोटातून चट्‌ करून ठिणगी निघायची. ते तिच्या अंगवळणी पडलं. मशीनच्या नाही पडलं. एक मशीन दिवाळीत गेलं, दुसरं चंपाषष्ठीच्या सुमाराला. शिवाय दर म्हाताऱ्या माणसाला आंगठा ठेवताना झिणझिण्या यायला लागल्या.

"मशीन चावस वं माय," असं सुनंदाबाईंनी पहिल्यांदा सांगितलं आणि गावभर झालं. सुनंदाबाई म्हणजे आबांची चुलत बहीण, त्यांच्याहून वडील, विधवा, आणि जिभेला हाड नसलेली. मग कुणी म्हणालं, सरकार आंगठ्यातून रक्त ओढतं. कुणी म्हणालं, दिपमालाच्या हातालाच वीज आहे, अशा बाईने दूध तापवू नये. हे शेवटचं बोलणं आबांच्या पारावरून आलं होतं.

तिसरं मशीन घेऊन जळगावहून विधी नावाची मुलगी आली. कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात कामाला होती, मारवाडी घरातली, अंगात जीन्स, पायात जाड रबराचे बूट, पाठीवर हत्यारांची पिशवी. तिने आधी मशीन पाहिलं नाही, कापूस पाहिला. दिपमालाने पाण्याचा स्टीलचा पेला पुढे केला आणि दोघींच्या बोटांच्या मध्ये चट्‌ झालं. पेला निम्मा सांडला. दिपमाला ओशाळली, पण विधी हसली आणि म्हणाली की निम्मा आजार तर दारातच सापडला.

मग तिने बोर्ड उघडला, अंगणात गेली, तारेच्या मागे मागे जात एका पहारीपाशी थांबली. ही पहार म्हणजे आबांची करामत. नांदवण ट्रान्सफॉर्मरच्या लाइनीच्या टोकाला, तिथे न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची तार, कमजोर, बल्ब पिवळे पडायचे. आबांनी जुनी पहार अंगणात ठोकली, तिला तार बांधली आणि न्यूट्रलचं काम जमिनीकडून करून घेतलं. बल्ब असा लख्ख पेटला की गाव बघायला आलं. आता गावात बऱ्याच घरांच्या अंगणात अशी पहार होती आणि तिला आबांची पहार म्हणत.

विधीने दिपमालाला जुनं मशीन उघडून दाखवलं. तार जिथे जोडायची, बोट जिथे ठेवायचं, कागद जिथून निघतो, त्या प्रत्येक जागेमागे ज्वारीच्या दाण्याएवढा एक काळा तुकडा होता.

"ताई, बाहेरून झटका आला की हा तो अंगावर घेतो आणि जमिनीत सोडून देतो. हा राखणदार आहे. पण तुमच्याकडे त्याला सोडायला जमीनच मोकळी नाही. तिच्यावर तुम्ही घर चालवताय. ओल असते तेव्हा निभतं. माती सुकली की हीच पहार झटका उलटा घरात आणते."

कापूस खोलीतून हलवा, अर्थिंगचा वेगळा खड्डा करा, पहार सोडवा, आणि तोवर मशीन बोट घेण्यापुरतंच बोर्डाला लावा, असं तिने बजावलं. जाताना खालच्या आवाजात तिने हेही सांगितलं की हे शेवटचं मशीन. हे जळलं तर साहेब नांदवणचं केंद्र बंद करून शेजारच्या गावाला देणार आहेत, कागद तयार आहे. दिपमालाने तिला परतीच्या एसटीपर्यंत पोहोचवलं आणि येताना रस्ताभर म्हाताऱ्यांची तोंडं तिच्या डोळ्यांपुढून जात राहिली. केंद्र गेलं तर ही माणसं पुन्हा त्या पायरीवर बसणार होती, आणि ती स्वतः पुन्हा दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जाणार होती.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. कापसाचं त्यांना लागलं, पण पहारीचं त्याहून लागलं. कालची पोर, इंजिनाच्या पट्ट्याला कधी हात लावला नाही, आणि आमची पहार काढते. ते जेवता जेवता म्हणाले, "मना घरमा मना कापूस ऱ्हाई. मशीनले जमत नही तं लई जा."

वना भाकरीकडे बघत राहिला. कापूस गोठ्यात न्यावा असं त्याने हळूच सुचवलं, तर गोठ्याला भिंत तीनच बाजूंनी, चौथीकडून उंदीर येतील, दव येईल आणि चोरही येईल, असं आबांनी एका दमात मोजून दाखवलं. खोटं काहीच नव्हतं त्यात. दिपमालाने ताटं उचलली.

बोलून होणार नव्हतं ते तिने अंगमेहनतीने करायचं ठरवलं. नायलॉनच्या साड्या गाठोड्यात बांधल्या, आईच्या दोन जुन्या सुती नऊवारी फाडून दोन पाचवारी केल्या. चपला ओट्याखाली ठेवल्या, थंडीने पाय बधिर झाले तरी अनवाणी राहिली. दिवस उजाडला की टेबलाखालची जमीन शेणाने सारवायची आणि दुपारी पुन्हा पाणी शिंपडायची. बादली कायम बाजूला. ढिगाच्या कडेने जुन्या गोधड्या लावल्या म्हणजे अंग घासायला नको. दर बोटाआधी आपला हात भिंतीला टेकवायची. सासरा हे सगळं ओट्यावरून बघायचा आणि शेजाऱ्याला सांगायचा की सून आता मशीनची पूजा करते. शेजारी हसायचा. ती शिंपडत राहायची.

महिना असाच निघाला. मशीन चालत होतं, झिणझिण्या मात्र गेल्या नव्हत्या, कारण पहार तशीच होती.

निराधारांचे पैसे आले त्या दिवशी ओटा माणसांनी भरला होता. दुपार टळत आली होती. सुनंदाबाई बाकावर होत्या, त्यांची तर्जनी दिपमालाच्या हातात होती. तेवढ्यात शेताची लाइट गेली. शिवारातल्या मोटरी एकदम बंद पडल्या, त्यांचा सगळा दाब घरांच्या तारांवर आला आणि घरातला बल्ब पांढराफेक झाला. दिपमालाने मान वर केली तोवर बल्ब फुटला, बोर्डातून निळा जाळ निघाला आणि बोर्डाचा जळता तुकडा खाली कापसावर पडला.

मशीन टेबलावर होतं, त्याची पिन बोर्डात होती, आणि ती काढायला तिला हात लांब करायचीही गरज नव्हती. तिच्या मनात ते आलं. पण कापसाच्या अंगावरून जाळ असा सरसर वर निघाला होता की पापणी लवायच्या आत तो आढ्याला टेकला असता. तिने बादली उचलली, गोधडीवर ओतली आणि ती ओली गोधडी घेऊन जाळावर पडली. अक्षरशः पडली. छातीने, हातांनी दाबत राहिली. वनाने मागून येऊन मेन खाली ओढला. तोवर टेबलावरून जळक्या प्लास्टिकचा वास सुटला होता आणि मशीनचा दिवा विझला होता.

जाळही विझला होता. वना दुसरी बादली घेऊन आला तर आबा दारात आडवे आले.

"पानी टाकू नको. कापूस सडी जाई."

आबांना जाळ दिसत नव्हता, त्यामुळे आग विझली असं त्यांनी धरलं होतं. सुनंदाबाई बाकावरून उठल्या नव्हत्या. त्यांनी नाक वर केलं, पुन्हा एकदा हुंगलं.

"मझार जळी राह्यनं, सुकदेव. मझार."

आत जळतंय म्हटल्यावर जन्म कापसात गेलेल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. कापसाची आग पोटात शिरते आणि धुमसत राहते, दोन दिवसांनी घर घेऊन बाहेर पडते. आबांचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांनी धोतर खोचलं आणि ढिगात हात घातला.

मग जे झालं ते नांदवणमध्ये अजून सांगतात. पैसे न्यायला आलेली सगळी म्हातारी माणसं उठली. कुणाला धड उभं राहता येत नव्हतं, कुणाच्या डोळ्यांत मोतीबिंदू, पण कापसाचं गाठोडं बांधायला डोळे लागत नाहीत. लुगड्याचे पदर पसरले, धोतरं सोडली, गोण्या आल्या, चादरी आल्या. आतून आबा आणि वना उपसत होते, दारात दिपमाला भरत होती, आणि ओट्यावरून अंगणात अशी माणसांची रांग लागली. हवेत कापसाचा भुगा उडत होता, तो नाकातोंडात जात होता, सगळे खोकत होते आणि कुणी थांबत नव्हतं. अंगणात आणलेला कापूस सुनंदाबाई काठीने पसरत होत्या आणि काळा पुंजका दिसला की त्यावर पाणी मारत होत्या.

ढिगाच्या मधोमध ते सापडलं. लाल, निखाऱ्यासारखं, वाटीएवढं. आबांनी ते उघड्या हाताने उचललं आणि तसंच पळत दाराबाहेर नेऊन टाकलं. उजव्या हाताची कातडी सोलली गेली तेव्हा त्यांना कळलंही नाही.

दिवस मावळायला खोली रिकामी झाली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिची पलीकडची भिंत दिसली. अंगणभर कापूस पसरला होता, थोडा काळा, थोडा ओला, बाकी सगळा पांढरास्वच्छ, वाचलेला. म्हातारी माणसं ओट्याला पाठ टेकून धापा टाकत बसली होती आणि त्यांच्या केसांत, भुवयांत, मिश्यांत कापूस होता. दिपमाला प्रत्येकाला पाणी देत फिरली. पैसे न्यायला आलेली ही माणसं पैसे न नेता आपलं घर वाचवून बसली आहेत, हे तिला सोसेना. तिने पेला खाली ठेवला आणि पदरात तोंड घालून रडली.

आबा हाताला लोणी लावून घेत होते. सुनंदाबाई त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"तिनी सोतानं मशीन जळू दिन्हं अन् तुना कापूस वाचाडा. मी बठेल व्हतू तठे. दखं मी."

आबा उठले, अंगणाच्या कोपऱ्यात गेले आणि डाव्या हाताने पहार हलवायला लागले. सुकलेल्या मातीत ती घट्ट बसली होती. वना मदतीला गेला. बापलेकांनी ती उपटली, आणि आबांनी तिची तार स्वतः गुंडाळून भिंतीवर टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी अमळनेरच्या इंदरचंदशेठना फोन लावायला सांगितलं. शेठ गाडी आणि काटा घेऊन आले, कापूस मुठीत घेऊन पाहिला, आणि आश्चर्याने म्हणाले की आबा, आखाजी लांब आहे. आबा म्हणाले, काटा लाव. पारावरचे लोक मुद्दाम बघायला आले होते. इतक्या वर्षांचा नेम माघात मोडला म्हणून एकदोघांनी खवचट खाकरून पाहिलं. आबांनी कुणाकडे पाहिलं नाही. गाडी गेल्यावर ते रिकाम्या खोलीत गेले आणि भिंतींना चिकटलेले कापसाचे पुंजके झाडूने काढत बसले. झाडू डाव्या हातात धरला होता, त्यामुळे झाडलेलं सगळं त्यांच्याच अंगावर येत होतं. दिपमालाने झाडू मागितला तर दिला नाही.

अर्थिंगचा खड्डा करायला अमळनेरहून अय्युबभाई आले. मोटरी बांधण्यात आणि घरांच्या फिटिंगमध्ये त्यांचे केस पांढरे झाले होते. न्हाणीचं पाणी जिथे मुरतं तिथे त्यांनी खुणेची रेघ ओढली, म्हणाले, इथली माती उन्हाळ्यातही तहानलेली राहणार नाही. वना खणायला उतरला. काळी माती वर दगडासारखी होती, खाली लोण्यासारखी. तो छातीइतका आत गेल्यावर अय्युबभाईंनी तळाला पत्रा उभा केला, त्याला जाड तार कसली, भोवती कोळसा आणि मिठाचे थर दिले आणि पाणी घालायला एक नळी वर काढून ठेवली. मग नवा बोर्ड बसवला, त्यात झटका अडवणारं यंत्र टाकलं, आणि टेबलाच्या कडेला एक पितळी पट्टी ठोकून तिची तार त्या खड्ड्यात नेली. आधी इथे हात लावायचा, मग मशीनला, असं सगळ्यांना सांगा, ते म्हणाले. आबांनी त्यांना विचारलं की आपली पहार इतकी वर्षं चालली ती कशी. अय्युबभाईंनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, अल्लाची मेहेरबानी. दोघंही हसले.

पण टेबलावर मशीन नव्हतं. जळकं मशीन दिपमालाने त्याच आठवड्यात जळगावला पाठवून दिलं होतं आणि सोबत फोनवर जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं होतं. बोर्ड का जळला तेही लपवलं नव्हतं. केंद्र बंद झाल्याचा निरोप येईल म्हणून ती रोज फोन उशाला घेऊन झोपायची.

फोन आला तो विधीचा.

"ताई, मशीन उघडलं मी. तुमचा तो राखणदार मेला. जिथे तार लागते तिथला. पण मरताना त्याने झटका पुढे जाऊ दिला नाही, आतलं सगळं शाबूत आहे. मी नवीन बसवलाय. खड्ड्याचा फोटो पाठवा, साहेबांशी मी बोलते."

साहेबांशी ती काय बोलली कुणास ठाऊक. पुढच्या एसटीने मशीन आलं आणि सोबत टेबलाखाली घालायची एक काळी चटई आली, ती विधीने आपल्या केंद्रातून दिली होती. दिपमालाने तिला परत फोन केला, पण आभार कोणत्या शब्दांत मानायचे ते सुचेना. शेवटी ती एवढंच म्हणाली की बाळंतपणाला माहेर नसलं तर आमच्याकडे या. विधीचं लग्नही झालेलं नव्हतं. ती खूप हसली आणि येईन म्हणाली.

दुकान पुन्हा उघडलं त्या सकाळी दिपमाला डोक्यावरून पदर घेऊन रिकाम्या, मोठ्या झालेल्या खोलीत बसली. शेणाने सारवलेली जमीन, पितळी पट्टी घासून लख्ख केलेली. ओटा भरला होता. पण आत कुणी येईना. कापूस ज्यांनी वाहिला तीच माणसं दारात घुटमळत होती. त्यांनी निळा जाळ पाहिला होता. सुनंदाबाईंनासुद्धा पाय उचलवेना, त्या नुसत्याच हातातली पिशवी चाचपत होत्या. दिपमालाने एकदोघांना नावाने बोलावलं. ते म्हणाले, दुसऱ्याचं होऊ दे आधी. हातातलं सगळं नीट झालं होतं आणि आता माणसंच येणार नसतील तर त्या खड्ड्याचं, त्या मशीनचं काय करायचं, असं वाटून ती लख्ख असलेली पट्टी पुन्हा घासत बसली.

ओट्यावर हालचाल झाली. गर्दी बाजूला सरली आणि आबा आत आले. डोक्यावर टोपी होती, अमळनेरला जाताना घालायचे तीच. ते बाकावर बसले. सुनेसमोर असे ते कधी बसले नव्हते आणि कुठे बघावं हे दोघांनाही कळत नव्हतं.

आबांनी पट्टीला हात लावला आणि उजवा हात टेबलावर ठेवला.

आंगठ्यावर जळल्याची नवी, गुळगुळीत, गुलाबी कातडी आली होती. रेघ म्हणून नव्हती. दिपमालाने पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं की या घरात इतकी वर्षं काढून एकट्या सासऱ्याचंच कोणतं बोट चालतं हे आपल्याला माहीत नाही. तिने ओलं फडकं घेतलं. मग जे ती गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्यासाठी करत आली होती ते तिने केलं. त्यांचा हात हातात घेतला. आबांचा हात एकदम ताठ झाला आणि मग सैल पडला. जड होता, खरखरीत, विळ्याच्या जुन्या वणांनी भरलेला. आंगठा चालला नाही. तर्जनी चालली नाही. तिने मधलं बोट पुसलं, पेरापाशी हळूच दाबून धरलं, आणि मशीनने आवाज दिला.

तिने नोटा पुढे केल्या. आबांनी दोन्ही हात पुढे केले आणि त्या घेतल्या, प्रसाद घेतात तशा. उठले नाहीत. दाराकडे मान वळवून म्हणाले, "या रे बठ्ठा. काय चावत नही. मनी सून बठेल शे."

दिपमालाने मान खाली घातली. मनी सून, माझी सून, हे शब्द तिने त्यांच्या तोंडून आजवर ऐकले नव्हते. डोळे भरून आले तेव्हा पुसायला हात मोकळा नव्हता, कारण आबांच्या जागी सुनंदाबाई येऊन बसल्या होत्या आणि त्यांनी पट्टीला हात लावून तो कपाळाला लावून आपलं बोट पुढे केलं होतं.